त्यांना आठवेल का?

‘ते मला विसरतील ना?’ डॉक्टर विचारतो. न्यायनिवाडा करणाऱ्यांपैकी एकजण उत्तर देतो, अगदीच विसरणार नाहीत, तुझ्यासोबतचं पहिलं साहस तेवढं त्यांच्या लक्षात राहील.

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतल्या ‘द वॉर गेम्स’ या कथेचा हा शेवट. डॉक्टर म्हणजे सोबत्यांना घेऊन काळात हिंडणारा एक परग्रहवासी, वेळ आली की चेहरा बदलणारा, म्हणजे नट बदलला तरी डॉक्टर तोच. कथा दहा भागांची, १९६९ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत दर शनिवारी चाललेली. वेगवेगळ्या शतकांतल्या लढायांमधून पळवून आणलेल्या सैनिकांना कोणीतरी एका परक्या ग्रहावर आपसात लढवतंय. त्या सगळ्यांना आपापल्या काळात घरी पोचवणं डॉक्टरच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून तो नाइलाजाने स्वतःच्या लोकांना, टाइम लॉर्ड्सना, हाक मारतो. याच लोकांपासून तो आयुष्यभर पळत आलेला. ते येतात, सैनिकांना घरी पोचवतात आणि डॉक्टरला पकडून त्याच्यावर खटला भरतात. इतरांच्या भानगडीत पडलास, हा आरोप. शिक्षा अशी की चेहरा बदलायचा आणि पृथ्वीवर हद्दपारीत राहायचं. पण त्याआधी त्याच्या दोन सोबत्यांना आपापल्या घरी पाठवायचं.

त्यातला जेमी हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला, १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हरलेल्या बाजूचा पोरगा. झोई ही एकविसाव्या शतकातल्या अवकाशस्थानकावरची, गणितात विलक्षण हुशार मुलगी. जेमीची भूमिका करणाऱ्या फ्रेझर हाइन्स यांनी तोवर शंभराहून अधिक भागांत पॅट्रिक ट्राउटन यांच्या डॉक्टरला सोबत केली होती. ‘मी तुम्हाला विसरणार नाही,’ जेमी म्हणतो. ‘मीही तुला विसरणार नाही. फार संकटांत उडी घेत जाऊ नकोस,’ डॉक्टर म्हणतो. ‘आपण पुन्हा भेटू का?’ हा झोईचा प्रश्न. डॉक्टर तिला सांगतो की काळ सापेक्ष असतो हे तुला आणि मला ठाऊकच आहे. उत्तर म्हटलं तर खरं, म्हटलं तर टाळलेलं. तिला गणित कळतं, म्हणून तिच्याशी त्याच भाषेत खोटं बोललं जातं.

मग आपण पडद्यावर पाहतो. जेमी पुन्हा त्याच माळरानावर आहे, समोर लाल डगल्यातला इंग्रज शिपाई, आणि जेमी आरोळी ठोकत त्याच्या अंगावर धावून जातो. झोई स्थानकावर परतलेली आहे. क्षणभर ती थबकते आणि सहकारी मैत्रिणीला सांगते की काहीतरी महत्त्वाचं विसरल्यासारखं वाटलं, पण नाही, काही नाही.

माझा जीव दर वेळी अडकतो तो या ‘काही नाही’पाशी. विसरणार नाही असं जेमीने वचन दिलं होतं, आणि त्याची काहीही चूक नसताना काही मिनिटांत ते मोडलं. त्याला ते मोडल्याचंही कळणार नाही. त्या सगळ्या वर्षांचा साक्षीदार आता एकटा डॉक्टर, आणि पडद्याच्या अलीकडे बसलेले आपण. ही मालिका बघता बघता मला हळूहळू असं वाटू लागलं की निरोपाच्या प्रसंगात कोण गेलं आणि कोण राहिलं याला फारसा अर्थ नाही. आठवण शेवटी कोणाकडे उरली, हे बघायचं. मालिका लिहिणाऱ्यांना हे फार लवकर उमगलं होतं असं मला वाटतं, आणि तेही कोणी ठरवून उमगवलेलं नव्हतं.

कारण हे निरोप मुळात गरजेपोटी आले. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाखवावा लागला. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसैन, लखनौत जन्मलेले. दोघंही विशीतले. बीबीसीच्या त्या काळच्या वातावरणात एक बाई आणि एक भारतीय मुलगा मिळून हे सुरू करतात, ही गोष्ट मला मालिकेइतकीच प्रिय आहे. वर्षाचे बहुतेक शनिवार मालिका चालायची, आठवडाभर तालमी आणि मग चित्रीकरण. नटनट्या थकायच्या, कंत्राटं संपायची, कोणाला दुसरं काम हवं असायचं. त्यामुळे डॉक्टरचे सोबती सतत बदलत राहिले. कोणीतरी जाणार हे पक्कं असायचं, कसं जाणार ते लिहिणाऱ्याने शोधायचं.

पहिली गेली सूझन, डॉक्टरची नात. ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’चा शेवटचा भाग २६ डिसेंबर १९६४ ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, दाखवला गेला. डालेक या क्रूर परग्रही शत्रूंनी उद्ध्वस्त केलेल्या भविष्यातल्या लंडनमध्ये सूझन डेव्हिड नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते. तो तिला थांब म्हणतो, पण आजोबांना सोडून राहायला तिचं मन तयार नाही. तिच्या बुटाला भोक पडलेलं असतं, आणि आजोबा तो बूट हातात घेऊन, हा दुरुस्त करायला हवा, असं म्हणत असतात. मग डॉक्टर टार्डिसमध्ये, म्हणजे काळात प्रवास करणाऱ्या आपल्या यानात, शिरतो आणि आतून दार लावून घेतो. ती बाहेर, तो आत. ध्वनिक्षेपकातून तो तिच्याशी बोलतो. मी एक दिवस परत येईन, नक्की परत येईन, तोवर खंत नको, अश्रू नकोत, काळजी नको. तू तुझ्या विश्वासांवर चालत राहा आणि माझे विश्वास चुकीचे नव्हते हे मला दाखवून दे. पहिला डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल हे भाषण ज्या आवाजात बोलतात, तसा आवाज त्यांनी त्याआधी मालिकेत क्वचितच लावला असेल. टार्डिस जाते. सूझनच्या हातातली किल्ली जमिनीवर पडते.

इंग्लंडमधले जुने प्रेक्षक या भाषणावर जीव टाकतात. माझाही गळा दाटतो, पण त्याबरोबर रागही येतो. त्याने तिला विचारलं का? तिच्या आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय त्याने दाराआडून घेतला. आता तुझं भलं इथेच आहे, असं वडीलधाऱ्यांनी ठरवायचं आणि मुलीने उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकायचं. हे दृश्य इंग्लंडात घडलं म्हणून मला परकं वाटत नाही. डॉक्टरचं प्रेम खरं आहे, तिला स्वतःचं घर मिळावं ही तळमळही खरी आहे. तरी दार त्याने लावलं, हे मला विसरता येत नाही. मालिकेलाही विसरता आलेलं नाही असं मी म्हणेन. १९८३ मध्ये वीस वर्षांचा सोहळा म्हणून ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ केला तेव्हा हार्टनेल हयात नव्हते, आणि त्या चित्रपटाची सुरुवात याच भाषणाने केली गेली.

पुढच्या उन्हाळ्यात इयन आणि बार्बरा गेले. सूझनचे हे दोघे शिक्षक पहिल्या भागात विद्यार्थिनीच्या काळजीपोटी टार्डिसमध्ये शिरले आणि दोन वर्षं काळात हिंडत राहिले. त्यांचं जाणं सगळ्या मालिकेतलं सर्वांत आनंदी जाणं. लंडनमध्ये पोचल्यावर दोघं ट्रफाल्गर चौकात कबुतरांमध्ये बागडतात. हे सगळं स्थिरचित्रांतून दाखवलंय, एकामागोमाग एक, आणि त्यात दोघांचे हसरे चेहरे. डॉक्टर एका यंत्राच्या पडद्यावर त्यांना बघतो. आधी तो चिडला होता, त्यांनी जाऊ नये म्हणून त्याने केवढा आरडाओरडा केला होता. आता म्हणतो, मला त्यांची आठवण येईल, खुळे कुठले. यावर मी अधिक काही लिहीत नाही, कारण तिथे काही दुखत नाही. दोघं सोबत आहेत, एकमेकांना सगळं आठवतंय.

याउलट डोडो, डॉक्टरची आणखी एक सोबतीण. १९६६ च्या ‘द वॉर मशीन्स’मध्ये ती कथेच्या मधेच दिसेनाशी होते, आणि शेवटी दुसरेच दोघं येऊन डॉक्टरला निरोप सांगतात की ती लंडनमध्येच राहणार आहे. बस्स. जॅकी लेन यांना कॅमेऱ्यासमोर निरोपाचं एक वाक्यसुद्धा मिळालं नाही. मला हा मालिकेने केलेला अन्याय वाटतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मात्र हार्टनेल यांच्या वाट्याला एक विलक्षण स्वगत आलं होतं. ‘द मॅसेकर’ ही कथा १५७२ च्या पॅरिसमधल्या प्रॉटेस्टंटांच्या कत्तलीची. एका मुलीला मागे सोडून आल्याबद्दल त्या वेळचा सोबती स्टीव्हन चिडून निघून जातो आणि डॉक्टर टार्डिसमध्ये एकटा उरतो. सगळे गेले, तो म्हणतो. कोणालाच कळलं नाही, माझ्या छोट्या सूझनलाही नाही, व्हिकीलाही नाही, बार्बरा आणि चॅटर्टन... चेस्टर्टन. इयनचं आडनाव तो नेहमीच चुकायचा. ती गंमत होती, प्रेक्षक हसायचे. इथेही तो चुकतो, पण इथे एकटाच आहे, दुरुस्त करायला समोर कोणी नाही, म्हणून स्वतःच दुरुस्त करतो. मग म्हणतो, आता घरी जावं का, माझ्या ग्रहावर? आणि लगेच, नाही, जाऊ शकत नाही.

हे दृश्य मी पाहिलेलं नाही. आज कोणीच ते पाहू शकत नाही. मी फक्त ऐकलंय.

‘द मॅसेकर’चे चारही भाग नष्ट झालेले आहेत. त्या काळी चित्रफीत महाग होती, एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवायचा तर कलाकारांशी नव्याने करार करावे लागत, आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रम परदेशी कोण विकत घेणार, असाही हिशेब होता. घरी चित्रफीत लावून बघण्याची सोय तर कल्पनेतही नव्हती. म्हणून बीबीसीने फिती पुसून पुन्हा वापरल्या, चित्रपटाच्या रिळांवरच्या प्रती फेकून दिल्या. मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतले शंभराहून अधिक भाग असे गेले. काही पुढे जगाच्या कानाकोपऱ्यांतून मिळाले. २०१३ मध्ये तर नायजेरियातल्या एका प्रक्षेपण केंद्रात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. पण पुष्कळसे अजून हरवलेलेच आहेत.

आवाज मात्र सगळ्यांचे आहेत. त्या काळात काही मुलं दर शनिवारी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर लावून बसायची. स्वतःसाठी, पुन्हा ऐकायला. घरातल्यांना गप्प बसवून, किंवा पुढे तंत्र जमू लागल्यावर तार थेट जोडून. बीबीसीने जे पुसलं ते या मुलांनी जपलं. हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज आपल्याकडे आहे तो त्यांच्यामुळे.

१९६८ च्या ‘फ्युरी फ्रॉम द डीप’मध्ये व्हिक्टोरिया गेली. ती एकोणिसाव्या शतकातली मुलगी. वडील डालेकांमुळे मारले गेले, म्हणून डॉक्टरने सोबत घेतलेली. आता ती सततच्या भीतीला कंटाळली आहे. कोणी मरत नाही, लग्न होत नाही. तिला फक्त थांबायचंय, एका प्रेमळ कुटुंबाजवळ. डॉक्टर घाई करत नाही. तिला विचार करता यावा म्हणून रात्रभर मुक्काम लांबवतो. चार वर्षांपूर्वी ज्याने दार लावून घेतलं होतं, तो आता चेहऱ्यानेही बदललेला आहे आणि वागण्यानेही. जेमीला फार लागतं. टार्डिसमध्ये परतल्यावर तो कुठेही चला म्हणतो, त्याला आता कशातच रस नाही. डॉक्टर म्हणतो, जेमी, माझाही तिच्यावर जीव होता.

या कथेचाही एकही अख्खा भाग उरलेला नाही. थोडे तुकडे आहेत, आणि ते का उरले हे कळल्यावर मी बराच वेळ सुन्न होते. ऑस्ट्रेलियातल्या सेन्सॉरने मुलांसाठी फार भीतिदायक म्हणून काही दृश्यं कापून काढली होती. कापलेल्या त्या चिंध्या सरकारी दप्तरात राहिल्या म्हणून वाचल्या. म्हणजे आज आपल्याला व्हिक्टोरियाच्या कथेतलं भय हलतं-बोलतं दिसतं, आणि तिचा निरोप दिसत नाही. तो कानांनीच घ्यावा लागतो. डेबोरा वॉटलिंग यांचा कापरा आवाज, फ्रेझर हाइन्स यांचा घुसमटलेला, मधली शांतता आणि मागे यंत्राची घरघर. २०२० मध्ये त्या आवाजावर ऍनिमेशन करून कथा पुन्हा काढली. चांगली आहे. पण मी दिवा घालवून नुसता आवाज ऐकते, तेव्हा ते तिघं मला जास्त जवळ येतात.

टाइम लॉर्ड्सनी जेमी आणि झोईचं जे केलं तेच बीबीसीच्या फिती पुसणाऱ्या खात्याने प्रेक्षकांचं केलं, असं मला वाटतं. पहिलं साहस तेवढं शाबूत आहे. मधल्या वर्षांतलं पुष्कळसं गेलं. आणि तरी ते गेलं नाही, कारण कोणातरी पोराने माइक धरून ठेवला होता.

हे सगळं मला एवढं का लागावं? मी ही मालिका लहानपणी पाहिलेली नाही. आमच्याकडे ती यायचीच नाही. लंडनला नोकरीला असलेल्या भावाने तिच्या डीव्हीडी आणून दिल्या, तोवर मी चांगली प्रौढ झाले होते. पण वडील बँकेत होते. दर तीन-चार वर्षांनी बदली. सातारा, जळगाव, नांदेड, पुन्हा कुठेतरी. मे महिन्यात ऑर्डर यायची, जूनमध्ये शाळा नवी. ट्रक दाराशी लागला की वाड्यातली मुलं गोळा व्हायची, कोणाला काय बोलावं सुचायचं नाही, आणि कोणीतरी ट्रकच्या चाकाबद्दल काहीतरी विचारायचं. पत्रं लिहायचं ठरायचं. दोन-तीन पत्रं जायची. जळगावच्या एका मैत्रिणीची आणि माझी खूप वर्षांनी एका लग्नात गाठ पडली, तेव्हा मला आमच्या गच्चीतल्या सगळ्या दुपारी आठवत होत्या आणि तिला माझं नाव आठवायला वेळ लागला. तिचा दोष नव्हता. ती तिथेच राहिली होती, त्या गच्चीत माझ्यानंतर इतर मुली आल्या होत्या. झोई थबकते ना, तसंच ती थबकली होती. त्यामुळे डॉक्टरचा तो प्रश्न मला परग्रहावरचा वाटला नाही.

१९७३ चं ‘द ग्रीन डेथ’ मी त्या मैत्रिणीच्या भेटीनंतर पाहिलं, आणि त्यातला डॉक्टर मला सर्वांत जवळचा वाटतो. आता तो जॉन पर्टवी यांच्या रूपात, पृथ्वीवरची हद्दपारी संपलेला. सोबत जो ग्रँट नावाची मुलगी, म्हणजे केटी मॅनिंग. जानेवारी १९७१ मध्ये ती पहिल्यांदा प्रयोगशाळेत शिरली तेव्हा तिने त्याचा प्रयोग उधळून लावला होता. आपण शाळेत विज्ञान शिकलोय असं तिने आधी सांगितलं होतं, नंतर कबूल केलं की उत्तीर्ण झाले असं कुठे म्हणाले मी.

‘द ग्रीन डेथ’ वेल्समधल्या खाणीच्या गावात घडते. एका रसायन कंपनीचा विषारी कचरा बंद खाणीत सोडलेला, त्यातून राक्षसी अळ्या निपजतात. आजही इंग्लंडमधले लोक या कथेला ‘अळ्यांची गोष्ट’ म्हणूनच ओळखतात. तिथे प्रोफेसर क्लिफर्ड जोन्स हा तरुण जीवशास्त्रज्ञ आहे, मांसाला पर्याय म्हणून अळिंब्यांवर काम करणारा. जो त्याच्याबद्दल ऐकून डॉक्टरलाच सांगते की तो मला तुमच्यासारखाच वाटतो, तरुणपणीच्या तुमच्यासारखा. डॉक्टर एकटा असताना पुटपुटतो, पिल्लू घरट्यातून उडालं. हे पहिल्याच भागात. म्हणजे त्याला सुरुवातीपासून ठाऊक आहे, आणि पुढचे पाच भाग तो अळ्यांशी लढताना हेही सोबत वागवतो.

शेवटी सगळे जमलेले, आनंद चाललेला. जो आणि क्लिफ लग्न करून ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाणार. जो डॉक्टरजवळ येते. तुमची हरकत नाही ना? डॉक्टर म्हणतो, हरकत? तो कदाचित तुला वैज्ञानिकसुद्धा करून दाखवेल. या वाक्यात ती प्रयोगशाळेतली पहिली सकाळ आहे, दोघांनाही आठवणारी. तो तिला लग्नाची भेट म्हणून मेटेबेलिस ग्रहावरचा निळा स्फटिक देतो, जिथे तिला न्यायचं त्याच्या मनात होतं आणि जिथे ती आली नाही. मग तो पेला एका घोटात रिकामा करतो आणि कोणाशी काही न बोलता बाहेर पडतो. आत गाणी-गप्पा चालू. संध्याकाळच्या उजेडात त्याची जुनी पिवळी मोटार एकटीच रस्त्याने निघून जाते.

एखाद्या घरातल्या लग्नात सगळी धावपळ करणारा माणूस पाठवणीच्या वेळी नेमका दिसेनासा होतो, तसा तो गेला. आणि या दृश्यात अभिनय किती आणि खरं किती, हे वेगळं काढता येत नाही. क्लिफ झालेले स्टुअर्ट बेव्हन आणि केटी मॅनिंग यांचं त्या वेळी खरोखरच लग्न ठरलेलं होतं. मालिकेतला खलनायक ‘मास्टर’ साकारणारे रॉजर डेल्गाडो, पर्टवींचे जिवलग मित्र, हा शेवटचा भाग प्रक्षेपित होण्याच्या पाचच दिवस आधी, १८ जून १९७३ ला, तुर्कस्तानात चित्रीकरणासाठी गेले असताना मोटार अपघातात गेले. जमलेली मंडळी पांगत चालली म्हणून आपणही निघालो, असं पर्टवी पुढे सांगत. वर्षभराने त्यांचाही निरोप झाला, आणि त्या कथेत जोने ॲमेझॉनहून पोस्टाने परत पाठवलेला तोच निळा स्फटिक त्यांच्या डॉक्टरच्या मृत्यूचं कारण ठरला. एका कथेतली भेट दुसऱ्या कथेत असा हिशेब मागते. मालिकांच्या लेखनात एवढी जुळणी मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

आणि मग सारा जेन स्मिथ. २३ ऑक्टोबर १९७६, ‘द हँड ऑफ फिअर’चा चौथा भाग. एलिझाबेथ स्लेडन यांना साराचं लग्न लावून दिलेलं नको होतं आणि तिला मारलेलंही नको होतं. शेवटचं दृश्य त्यांनी आणि तेव्हाचे डॉक्टर टॉम बेकर यांनी मिळून जवळजवळ नव्याने घडवलं. म्हणूनच ते संवाद लिहिल्यासारखे वाटत नाहीत.

डॉक्टर टार्डिसच्या यंत्रात डोकं खुपसून बसलाय, सारा वैतागून बोलतेय. थंडी, पाऊस, गोळ्या, राक्षस, सगळ्याचा कंटाळा आला, मी सामान भरते आणि घरी जाते. त्याचं लक्षच नाही. ती रुसून आत जाते. तेवढ्यात त्याला त्याच्या ग्रहावरून बोलावणं येतं, आणि तिथे माणसांना नेता येत नाही. ती परत येते, हातात पेटी, रोपटं, टेनिसची रॅकेट, कापडी घुबड. तो सांगतो, तुला जावं लागेल. मी गंमत करत होते हो, ती म्हणते. पण आता गंमत खरी झालेली आहे. ‘मला विसरू नका.’ ‘सारा, तूही मला विसरू नकोस.’ प्रवासाने मन मोठं होतं, असं काहीतरी ती म्हणते. ‘पुन्हा भेटेपर्यंत, सारा.’ ती उतरते, टार्डिस जाते, आणि तिच्या लक्षात येतं की ही आपली गल्ली नाही, हे साउथ क्रॉयडनसुद्धा नसावं. रस्त्यावरच्या कुत्र्याशी दोन शब्द बोलून, शीळ घालत ती चालू लागते.

मिठी नाही, अश्रू नाहीत, प्रेमाचा एक शब्द नाही. दोघंही दुसऱ्याकडून तेवढंच मागतात, विसरू नकोस. पडद्यावर याहून मोठी मागणी मी ऐकलेली नाही.

त्याचं उत्तर यायला तीस वर्षं लागली. मालिका १९८९ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये नव्याने सुरू झाली, आणि २००६ च्या ‘स्कूल रीयुनियन’ या भागात स्लेडन परतल्या. मी वाट पाहिली, सारा नव्या डॉक्टरला सांगते. तुम्ही आला नाहीत, मला वाटलं तुम्ही गेलात. त्याने तिला क्रॉयडनऐवजी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला सोडलं होतं, हेही तेव्हा कळतं. शेवटी ती त्याला बजावते, या वेळी म्हणा, निरोपाचा शब्द म्हणा. आणि तो म्हणतो, माझी सारा जेन. पुढे तिची स्वतःची मालिका झाली. तिच्यात २०१० साली जो ग्रँटही येऊन गेली, सात मुलांची आई आणि डझनभर नातवंडांची आजी. तीसुद्धा त्या यंत्राच्या आवाजाकडे कान लावून वाट बघत राहिली होती. त्यानंतर सहाच महिन्यांत, एप्रिल २०११ मध्ये, एलिझाबेथ स्लेडन गेल्या.

ऐंशीच्या दशकातल्या निरोपांपैकी दोनच सांगते. मार्च १९८२ मध्ये ॲड्रिक हा पोरगेला सोबती कोसळत्या यानात मेला, आणि शेवटची श्रेयनामावली संगीताशिवाय, त्याच्या फुटलेल्या बिल्ल्यावर सरकत गेली. दोन वर्षांनी टेगन गेली. एका कथेत इतकी माणसं मेली की तिला पुढे जाववेना. यात आता मजा राहिलेली नाही डॉक्टर, असं म्हणून ती पळत सुटते, आणि तो गेल्यावर परत धावत येते. तोवर जागा रिकामी. ‘मला तुमची फार आठवण येईल,’ हे तिचं वाक्य त्याला ऐकू गेलेलं नाही.

२०२२ च्या एका भागात टेगन होती, जो होती, आणि ९७ वर्षांचे विल्यम रसेल इयन म्हणून होते. १९६५ नंतर पहिल्यांदाच. एका सभागृहात जुने सोबती खुर्च्यांवर गोल करून बसलेत आणि डॉक्टरबद्दल बोलताहेत. प्रत्येकाकडे वेगळ्या चेहऱ्याचा डॉक्टर. कोणीतरी डॉक्टर बाई असल्यासारखं बोलतं, तेव्हा इयन गोंधळून पुन्हा विचारतो. त्याच्यासाठी तो अजून चेस्टर्टन हे आडनाव चुकणारा म्हातारा आहे. रसेल २०२४ मध्ये गेले.

आणि मे २०२५ मध्ये सूझन दिसली. कॅरल ॲन फोर्ड, वयाच्या ८४ व्या वर्षी, आपल्या आजोबांना हाक मारणारी. क्षणमात्र, डॉक्टरच्या मनातल्या भासासारखी. ते पर्व संपलं तरी दोघांची समोरासमोर गाठ पडली नाही. मी परत येईन असं त्याने १९६४ मध्ये दाराआडून सांगितलं होतं. १९८३ मध्ये दोघं एकत्र दिसले, पण तेव्हा दोघांनाही कोणीतरी उचलून आणलं होतं, तो आपणहून गेला नव्हता. त्याने आता जायला हवं. लिहिणाऱ्यांनी हे लवकर लिहावं, फोर्ड बाई आहेत तोवर लिहावं, आणि या वेळी दार सूझनने उघडावं.